पाय दिसले, बाकीचं मूल दिसलंच नाही

पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा. ज्यांच्या घरात, चाळीत किंवा गल्लीत न चालणारं एखादं मूल आहे, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच.

वीस वर्षांच्या पत्रकारितेत एक बातमी मी किमान तीस वेळा लिहिली असेल. ‘दिव्यांगांना साहित्य वाटप’. मजकूर पाठ झालाय. मान्यवरांच्या हस्ते, व्हीलचेअर, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकल, उपस्थितांनी समाधान व्यक्त केले. खाली फोटो. नावं वरच्या मानानुसार.

असाच एक कार्यक्रम आपल्या कामतघरात होता. बरीच वर्षं झाली. पद्मानगरकडून आलेली एक तेलुगू बोलणारी बाई आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन रांगेत उभी होती. नवरा लूमवर, रात्रपाळी करून झोपलेला, म्हणून एकटीच आलेली. मुलीला व्हीलचेअरवर बसवलं की ती किंचाळायची. उचललं की शांत. पुन्हा बसवलं की पुन्हा तेच. मान्यवर खोळंबलेले. मी कॅमेरा धरून म्हणालो, "ताई, एवढा एक फोटो होईपर्यंत तिला गप्प करा ना." बाईने मुलीच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. फोटो झाला. दुसऱ्या दिवशी बातमी लागली, ‘चिमुकलीच्या चेहऱ्यावर हसू’.

वर्षभराने ती बाई कल्याण नाक्यावर भेटली. मुंबईत एका मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता. मुलीचा डावा खुबा सांध्यातून पार सरकलेला. बसवलं की तिला कळ यायची. म्हणजे त्या दिवशी ती हट्ट करत नव्हती, सांगत होती. बोलता येत नव्हतं म्हणून ओरडून सांगत होती. आणि मी तिला गप्प करायला लावलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. तिच्या आईला, कॅम्पवाल्यांना, मला, कोणालाच ते का दिसलं नाही? थोडं वाचलं, थोडं विचारलं, तेव्हा लक्षात आलं की हा फक्त आमच्या अडाणीपणाचा प्रश्न नाही. या न दिसण्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज लिहितोय.

आधी आजाराचं नाव. सेरेब्रल पाल्सी, सरकारी मराठीत मेंदूचा पक्षाघात. आपल्याकडे कोणी म्हणतं पोलिओ झालाय, कोणी म्हणतं वारं गेलंय, कोणी म्हणतं बाहेरचं आहे. खरं असं की बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मल्यानंतर सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते. वेळेआधी जन्म, जन्मल्यावर न रडणं, जोराची कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणातला जंतुसंसर्ग अशी कारणं असतात. पुष्कळदा नेमकं कारण सापडतही नाही. ती इजा पुढे वाढत नाही, पण बरीही होत नाही. स्नायू कडक होतात किंवा सैल पडतात किंवा आपोआप हलत राहतात. जगभरचा अंदाज हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलं. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर असलेल्या भिवंडीत ही मुलं किती असतील, हिशेब तुम्हीच करा. रस्त्यावर दिसत नाहीत, कारण ती घरात असतात.

आता लक्षात घ्या, मेंदू म्हणजे काही फक्त पायाचा स्विच नव्हे. बघणं, ऐकणं, गिळणं, बोलणं, झोपणं, समजणं, सगळ्याच्या वायरी तिथूनच निघतात. जिथे इजा झाली तिथून पायाबरोबर आणखी काय काय गेलं असेल, हा प्रश्न पहिल्या दिवशीच पडायला हवा. पण तो पडला नाही. का, ते बघू.

लंडनचा हाडांचा डॉक्टर

या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं विल्यम जॉन लिटल या लंडनच्या डॉक्टरांनी. लहानपणच्या आजाराने त्यांचाच एक पाय वाकडा झाला होता. जर्मनीत जाऊन त्यांनी पायाचा स्नायुबंध कापून घेतला, ती शस्त्रक्रिया शिकले आणि लंडनमध्ये वाकड्या हातापायांसाठी रुग्णालय काढलं. १८६१ मध्ये त्यांनी प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे निबंध वाचला आणि अवघड बाळंतपण, वेळेआधी जन्म, जन्मताना श्वास कोंडणं यांचा संबंध मुलांच्या ताठरलेल्या अंगाशी जोडला. मोठंच काम. पुढे कित्येक वर्षं या आजाराला ‘लिटलचा आजार’च म्हणत.

पण बघणारे हाडांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे मूल आलं ते पाय वाकडा म्हणून. आजाराची पहिली ओळखच पायातून झाली.

दुसरी ओळख झाली व्हिएन्नात. करणारा माणूस तुम्हाला माहीत आहे, पण दुसऱ्याच कामासाठी. सिग्मंड फ्रॉइड. स्वप्नं आणि मनोविश्लेषण या सगळ्याच्या आधी ते मज्जासंस्थेचे डॉक्टर होते आणि लहान मुलांच्या एका दवाखान्यात काम करायचे. १८९७ मध्ये त्यांनी लहान मुलांच्या या पक्षाघातावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं. या मुलांना पुष्कळदा आकडी येते, बुद्धीची वाढ मागे राहते, नजरेत दोष असतो. मग सगळं खापर बाळंतपणावर कसं फोडता? कदाचित मेंदूत आधीच काही घडलेलं असेल आणि अवघड बाळंतपण हे त्याचंच एक लक्षण असेल.

कारणाबद्दल लिटल बरोबर की फ्रॉइड, हा वाद शंभर वर्षं चालला. आज दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं मानतात. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. फ्रॉइडने १८९७ मध्येच आकडी, डोळे, बुद्धी हे सगळं पायाच्या शेजारी मांडून ठेवलं होतं. तरी उपचार हाडाच्या वाटेनेच गेला.

हाजीअली, आणि पोलिओने दिलेला चष्मा

आता आपल्याकडे या. मुंबईत अपंग मुलांच्या उपचाराचं नाव निघालं की आपण म्हणतो, ‘हाजीअलीला ने’. हे हाजीअली कसं उभं राहिलं? पोलिओमुळे.

स्वातंत्र्य चळवळीतल्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारासाठी त्या वणवण फिरल्या. मग स्वतःच १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना आणि संस्था सुरू केली. त्यातूनच पुढे हाजीअलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय झालं. १९५५ मध्ये शेजारीच केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था निघाली. कॅलिपर, बूट, कुबड्या, व्यायाम, शस्त्रक्रिया. हजारो पोरं तिथून आपल्या पायांवर घरी गेली. भिवंडीतलीही गेली असतील. या लोकांचे उपकार विसरून चालणार नाही.

पण पोलिओ आणि सेरेब्रल पाल्सी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोलिओचा विषाणू बहुतेक वेळा पाठीच्या कण्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. पाय लुळा पडतो, पण डोळे, कान, बुद्धी, बोलणं शाबूत. पायाला आधार दिला की मूल शाळेत जायला मोकळं. सेरेब्रल पाल्सीत पाय चांगला असतो, त्याला हुकूम देणारा मेंदू दुखावलेला असतो. आणि तो दुखावला की हुकूम फक्त पायाचेच चुकत नाहीत.

आपली व्यवस्था, आपले कॅम्प, आपली सहानुभूती, सगळं पोलिओच्या काळात घडलं. अपंग म्हणजे पाय, आणि मदत म्हणजे कॅलिपर. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. भिवंडीत घरोघर फिरून डोस पाजणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडीताईंचा त्यात मोठा वाटा. पोलिओ गेला, पण त्याने दिलेला चष्मा आपल्या डोळ्यांवर तसाच राहिला. त्याच चष्म्यातून मी त्या दिवशी फोटो काढला.

वेगळं बघणारी माणसं तेव्हाही होती. एलिझाबेथ लंडी नावाची अमेरिकन बाई लग्न करून आपल्याकडे आली आणि कमला निंबकर झाली. १९५० मध्ये त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचा अभ्यासक्रम सुरू केला, देशातला पहिला. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ शाळा त्यांच्याच नावाची. ही थेरपी पायापेक्षा दिवसाकडे बघते. हे मूल जेवतं कसं, बसतं कसं, पेला धरतं कसं, कपडे घालतं कसं? प्रश्न बदलला की दिसणारं मूल बदलतं.

कुलाब्यातली तीन मुलं

मग येतं १९७२. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी १९६६ मध्ये जन्मली. जन्मतानाच मेंदूला इजा. इथे कोणी फारशी आशा दाखवेना. इंग्लंडमध्ये मात्र त्यांना कळलं की मुलीची बुद्धी उत्तम आहे, फक्त बोलणं आणि हालचाल अडकली आहे. भारतात परतल्यावर अशा मुलांसाठी शाळाच नाही. म्हणून त्यांनी कुलाब्यात तीन मुलांना घेऊन शाळा सुरू केली. तीच ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’, आताची ‘अडॅप्ट’. शिक्षक, डॉक्टर, फिजिओ, बोलणं शिकवणारे, सगळे एका छपराखाली. मुलाचे तुकडे करून चार दारांत पाठवायचे नाहीत, हा त्यातला खरा नवा विचार.

मालिनी चिब पुढे झेवियर्स कॉलेजात शिकल्या, लंडनला जाऊन दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि २०१० मध्ये आत्मचरित्र लिहिलं, एका करंगळीने टाइप करून. नावच ‘वन लिटल फिंगर’. अशा किती बुद्ध्या आपल्या चाळींमध्ये ‘याला काही कळत नाही’ म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपवल्या असतील, याचा विचार केला की झोप उडते.

सरकारी खाने

सरकारने काय केलं? आधी मोजलं, पण कसं? १९८१ च्या जनगणनेत तीनच खाने होते. आंधळे, मुके आणि पांगळे. २००१ मध्ये पाच झाले, पण एका माणसाची नोंद एकाच खान्यात. ज्या पोराला चालताही येत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याचे पाय तरी मोजायचे नाहीतर कान. ‘एकाहून अधिक अपंगत्व’ असा खाना जनगणनेत आला २०११ ला.

कायद्याचंही तसंच. १९९५ च्या अपंग कायद्यात सेरेब्रल पाल्सीला वेगळी जागा नव्हती. ती बसवली हालचालीच्या अपंगत्वाच्या व्याख्येत, हाडं-सांधे-स्नायूंच्या शेजारी. म्हणजे मेंदूचा आजार कागदावर पायाचा झाला. १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्टचा कायदा आला, त्यात ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगतेबरोबर सेरेब्रल पाल्सीचं स्वतंत्र नाव आलं. २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस प्रकार झाले, पण सेरेब्रल पाल्सी अजूनही हालचालीच्याच गटात आहे. निदान बहुविकलांगता मान्य झाली, एवढं पदरात पडलं.

संस्थाही वाटून दिलेल्या. डोळ्यांची राष्ट्रीय संस्था डेहराडूनला, बुद्धीची सिकंदराबादला, हाडांची कोलकात्याला, कानांची वांद्र्याला. बहुविकलांगांसाठी वेगळी संस्था निघाली ती २००५ मध्ये चेन्नईजवळ. मूल एक, दारं पाच.

हे दारोदार फिरणं काय असतं, ते मला माहीत आहे. कारण ते आमच्या घरात आहे.

आमचा भाचा

याबद्दल आजवर जाहीर लिहिलं नव्हतं. ताईला विचारून लिहितोय.

माझा भाचा २००८ चा. जन्मला तेव्हा ठणठणीत, रडला, प्यायला. तिसऱ्या दिवशी पिवळा पडू लागला. बाळंतपण जिथे झालं त्यांनी सांगितलं, कोवळं ऊन दाखवा, जाईल. घरी आणलं. आईने रोज सकाळी अंगणात ऊन दाखवलं. पाचव्या दिवशी बाळ पिईना, मान मागे टाकू लागलं, बारीक चिरका आवाज काढू लागलं. ठाण्याला नेईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

इतिहास बघा कसा असतो. निळसर प्रकाशाखाली ठेवलं की बाळाची कावीळ उतरते, हे इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात १९५० च्या दशकातच लक्षात आलं. उन्हाचा उपयोग पहिल्यांदा तिथल्या एका सिस्टरच्या ध्यानात आला, तेव्हा त्याचा दिवा व्हायला काही वर्षं लागली. आता तो दिवा गावोगावच्या दवाखान्यांत असतो. आम्ही मात्र २००८ साली अंगणात ऊन दाखवत बसलो होतो. कावीळ किती आहे हे डोळ्यांनी नाही, रक्त तपासून ठरतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

सहा वर्षं आम्ही त्याचे पाय आणि हात बघत होतो. अंग सारखं पिळायचं, हात भलतीकडे जायचे. कामतघरहून रिक्षा, मग एसटीने ठाणे, लोकलने दादर, गाडी बदलून महालक्ष्मी, तिथून टॅक्सीने हाजीअली. पोरगं खांद्यावर, पिशवीत डबा आणि फाईल. भाऊजींचे खाडे. कागदावर लिहिलेलं होतं ‘बौद्धिक वाढ मंद’. कारण हाक मारली तरी बघायचा नाही.

२०१४ मध्ये एका थेरपिस्ट बाईंनी त्याच्या मागे स्टीलची ताटली पाडली. तो दचकला नाही. त्या म्हणाल्या, "याला कळत नाही असं नाही, याला ऐकू येत नाहीये." वांद्र्याच्या संस्थेत ‘बेरा’ तपासणी झाली. खरंच होतं. काविळीने मेंदूला इजा झालेल्या मुलांत अंगाच्या अनावर हालचालींबरोबर कान जाणं हे नेहमीचं जोडलक्षण, पुस्तकात लिहिलेलं. आणि अशा पुष्कळ मुलांची बुद्धी शाबूत असते, हेही पुस्तकात लिहिलेलं. सहा वर्षं आम्ही एका शहाण्या पोराला मंद म्हणत होतो, कारण सगळे पायाकडे बघत होते. मीही. आणि मी तर पत्रकार!

मशीन लागलं. सगळं ऐकू येत नाही, पण काही येतं. चित्रांची पाटी मिळाली. पहिल्या महिन्यात त्याने पाटीवर बोट घासत घासत नेलं ते ‘दुखतंय’ या चित्रावर. ताई रडली. सहा वर्षं कुठे कुठे दुखत असेल, कोणाला सांगणार होता?

आणि मग जगाने व्याख्या बदलली

२००४ मध्ये अमेरिकेत जगभरच्या तज्ज्ञांची बैठक झाली आणि २००७ मध्ये सेरेब्रल पाल्सीची नवी व्याख्या छापून आली. त्यात हालचालीच्या दोषाबरोबर आता स्पष्ट लिहिलं गेलं की या मुलांना पुष्कळदा संवेदना, आकलन, संवाद आणि वागणुकीच्या अडचणी, आकडी, आणि पुढे हाडं-स्नायूंचे त्रास असतात. फ्रॉइडच्या ग्रंथानंतर ११० वर्षांनी!

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून आकडे मांडले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या चौघांपैकी तिघांना वेदना असतात. दोघांपैकी एकाला बौद्धिक अडचण, म्हणजे उरलेल्या निम्म्यांना ती नसते, हेही वाचा. तिघांपैकी एकाचा खुबा सरकतो. चौघांपैकी एकाला आकडी, चौघांपैकी एकाला बोलता येत नाही. पाचांपैकी एकाला झोपेचा त्रास. दहांपैकी एकाला दिसत नाही. पंचविसांपैकी एकाला ऐकू येत नाही.

आणि चालता न येणारे किती? तिघांपैकी एक. ज्या गोष्टीवरून आपण हा आजार ओळखतो, ती तिघांपैकी एकात. वेदना चौघांपैकी तिघांत. आणि वेदनेची बातमी मी वीस वर्षांत एकदाही केली नाही.

यातलं बरंचसं टाळता येतं किंवा आटोक्यात ठेवता येतं. खुब्याचंच घ्या. ताठरलेले स्नायू मांडीचं हाड हळूहळू खोबणीतून बाहेर ओढतात. सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून कळत नाही. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा प्रत्येक मुलाची नोंद ठेवून ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे काढायला सुरुवात केली. आधी शंभरातल्या आठ-नऊ मुलांचा खुबा पूर्ण निखळायचा. वीस वर्षांत ते प्रमाण एका टक्क्याच्याही खाली आलं. जादू काही नाही. वेळेवर एक्स-रे आणि वेळेवर उपचार. त्या मुलीचा एक एक्स-रे चौथ्या-पाचव्या वर्षी निघाला असता, तर?

पालघरहून सुरू झालेली योजना

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. ६ फेब्रुवारी २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो देशात पहिल्यांदा पालघरहून. तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तीस प्रकारच्या दोषांसाठी तपासणी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. हालचाल, नजर, ऐकणं, बोलणं, आकलन, सगळं यादीत आहे. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर केंद्राची तरतूद आहे. कागदावर ही योजना अगदी बरोबर विचार करते, मूल पूर्ण बघते.

अडचण साधी आहे. पथक जातं अंगणवाडीत आणि शाळेत. आपली ही मुलं ना अंगणवाडीत जातात, ना शाळेत. ती माळ्यावर, लूमच्या खडखडाटाशेजारच्या खोलीत असतात. म्हणून आशाताई-अंगणवाडीताईंना स्वतः जाऊन सांगा की आमच्याकडे असं मूल आहे, नाव घ्या. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीही धरली जाते. दिव्यांग प्रमाणपत्र काढताना पायाबरोबर डोळे, कान, बुद्धी यांचीही तपासणी मागा. एकाहून जास्त अपंगत्व असेल तर ते एकत्र धरायची सोय नियमात आहे.

आता कामाचं. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं आम्ही ठेचा खाऊन शिकलोय.

१) डोळे आणि कान पहिल्या वर्षातच तपासा. मूल हाकेला बघत नाही म्हणजे मंद आहे, असं धरून चालू नका. ‘बेरा’ तपासणी झाली का, विचारा.

२) आकडी आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना. आणि आकडीची गोळी मनाने बंद करू नका. एकटक बघत राहणं, एखादा अवयव झटकणं हीसुद्धा आकडी असू शकते. मोबाईलवर शूट करून डॉक्टरांना दाखवा.

३) आडवं झोपवून भरवू नका. प्रत्येक घासाला ठसका, जेवताना घुरघुर, सारखा न्यूमोनिया असं असेल तर अन्न श्वासनळीत जात असेल. कसं बसवायचं, किती घट्ट भरवायचं हे थेरपिस्टकडून शिकून घ्या. मूल वाळत चाललंय, तर ‘या आजारात असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका.

४) खुब्याचा एक्स-रे. चालत नसलेल्या मुलाचा तर नक्कीच, आणि एकदाच नाही, ठरावीक काळाने. लंगोट बदलताना पाय फाकत नाही, एक पाय आखूड दिसतो, तर थांबू नका.

५) दात, पोट, झोप. किडलेला दात, आठवडाभर न झालेली शी, रात्रभर न लागलेली झोप, हेही आजारच आहेत, आणि यांवर औषध आहे.

६) मूल विनाकारण रडत नाही. बोलता न येणारं मूल रडलं तर आधी दुखतंय असं समजा, मग बाकीचं.

आणि बाळ जन्मल्यावर पिवळं दिसलं, पिईना, सुस्त पडलं, तर ऊन दाखवत बसू नका. त्याच दिवशी रक्त तपासा. माझ्या ताईच्या वतीने हात जोडून सांगतो.

एक शेवटचं, आयांसाठी. ‘तिनेच काहीतरी खाल्लं असेल, तिनेच जड उचललं असेल’ हे आमच्या ताईनेही ऐकलंय. दीडशे वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांना ज्याचं एक कारण सापडलं नाही, ते शेजारच्या काकूंना कसं सापडतं? बंद करा ते.

भाचा आता सतरा वर्षांचा आहे. वऱ्हाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी त्याला खुर्चीवरून फिरवतो. पाटीवर माझं चित्र नाही, म्हणून त्याने माझ्यासाठी कॅमेऱ्याचं चित्र ठरवलंय. मी आलो की बोट तिथे जातं.

त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली. उशिरा झाली, पण आता ती बसते. मी तिच्या आईची माफी मागितली. ती म्हणाली, "भाऊ, तुम्हाला काय माहीत." मला माहीत नव्हतं हे खरं. पण विचारलंही नव्हतं.

पुढच्या महिन्यात शहरात पुन्हा साहित्य वाटपाचा कार्यक्रम आहे, आमंत्रण आलंय. जाणार आहे. आयोजकांना आधीच फोन केलाय की कानाचा आणि डोळ्यांचा एक-एक तपासनीस आणि एक हाडांचे डॉक्टर बसवा, फोटो नंतर काढू. बघू म्हणालेत. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर मला मेसेज करा. नाव-पत्ता इथे कमेंटमध्ये लिहू नका.